ऐकण्याची विद्या : मराठीचा भावी अध्यापक आणि वर्गातील तंत्रज्ञान
(पनवेल परिसराच्या संदर्भात)

१. प्रास्ताविक

मराठीच्या वर्गात तंत्रज्ञानाचा वापर कसा करावा, हा प्रश्न आपल्याकडे सामान्यतः शिक्षणशास्त्राचा मानला जातो. मराठी विभागांना त्याच्याशी काही कर्तव्य आहे असे फारसे कोणास वाटत नाही. परिणामी साहित्याचा अभ्यास एम. ए.ला आणि साधनांचा अभ्यास बी. एड.ला अशी वाटणी होऊन बसली आहे. भावी अध्यापक ज्ञानेश्वरी एका इमारतीत शिकतो आणि ती शिकवण्यासाठी लागणारी उपकरणे दुसऱ्या इमारतीत हाताळतो. या दोहोंचा सांधा कोठे जुळावयाचा, हे त्याला कोणी सांगत नाही.

प्रस्तुत लेखात या सांध्याचा विचार करावयाचा आहे. लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : भाषेच्या अध्यापकाचे तंत्रशिक्षण 'दाखविण्या'पासून नव्हे, तर 'ऐकण्या'पासून सुरू व्हावयास हवे. पडद्यावर मजकूर दाखविणे हा फळ्याचाच विस्तार होय. ध्वनिमुद्रणामुळे मात्र छापील पुस्तकाला जे शक्य नाही ते वर्गात येऊ शकते. या ऐकण्याचे तीन टप्पे कल्पिता येतात : अध्यापकाने स्वतःला ऐकणे, पाठ्याला ऐकणे आणि विद्यार्थ्याला ऐकणे. पनवेल परिसराची निवड केली आहे ती या तिसऱ्या टप्प्याचे महत्त्व तेथे विशेष तीव्रतेने जाणवते म्हणून.

२. पार्श्वभूमी : ग्राहक अध्यापक

शालेय शिक्षणात यंत्रांचा प्रवेश नवा नाही. आकाशवाणीच्या शालेय कार्यक्रमांनंतर १९८४ मध्ये पुण्यात 'बालचित्रवाणी' ही राज्यस्तरीय संस्था स्थापन झाली. दूरदर्शनसाठी शैक्षणिक कार्यक्रम तयार करणारी ही संस्था २०१७ मध्ये बंद झाली. १९८४-८५ मध्येच केंद्र शासनाने 'क्लास' या प्रकल्पाद्वारे देशातील निवडक २५० शाळांत संगणक पोहोचविण्याचा प्रयोग केला. २०१७ मध्ये 'दीक्षा' हे राष्ट्रीय व्यासपीठ आले. २०२० च्या टाळेबंदीत सह्याद्री वाहिनीवरील 'टिलीमिली' ही मालिका घरोघर पाहिली गेली.

या सर्व प्रयत्नांचे मोल आहेच. तथापि त्यांत एक समान सूत्र दिसते. पाठ अन्यत्र तयार होतो आणि वर्गातील अध्यापक तो केवळ पोहोचवितो. यंत्रे बदलत गेली, पण अध्यापकाची भूमिका ग्राहकाचीच राहिली. याला छेद देणारी उदाहरणे शिक्षकांनीच घडविली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड देऊन कवितांचे ध्वनिमुद्रण व चित्रफिती मुलांपर्यंत नेल्या. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला, तो केवळ यंत्र हाताळता येते म्हणून नव्हे. आपल्या मुलांसाठी कोणता पाठ कोणत्या रूपात हवा, हे शिक्षकाने स्वतः ठरविले, हे त्या कार्याचे मर्म होय.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनुसार २०१५ पासून बी. एड. दोन वर्षांचे झाले आणि माहिती-संप्रेषण तंत्रज्ञानाला अभ्यासक्रमात निश्चित स्थान मिळाले. प्रश्न उरतो तो आशयाचा. ली शुलमन यांनी १९८६ मध्ये असे प्रतिपादन केले की, विषयाचे ज्ञान आणि अध्यापनाचे ज्ञान यांच्या संयोगातून शिक्षकाचे असे खास तिसरे ज्ञान निर्माण होते. महाराष्ट्रातील अध्यापक महाविद्यालयांत रूढ असलेली 'आशययुक्त अध्यापन पद्धती' ही संज्ञा याच विचाराच्या जवळची आहे. पुण्य मिश्र आणि मॅथ्यू केलर यांनी २००६ मध्ये या मांडणीत तंत्रज्ञानाची भर घातली. त्यांच्या मते तंत्रज्ञान हा सुटा कप्पा नसून आशय व पद्धती यांच्याशी जोडूनच त्याला अर्थ येतो. हे मान्य केले तर पुढील निष्कर्ष टाळता येत नाही : भूगोलाच्या शिक्षकाने शिकावयाचे तंत्र आणि मराठीच्या शिक्षकाने शिकावयाचे तंत्र एकच असणार नाही. नकाशा पाहण्याची वस्तू आहे. ओवी ऐकण्याची आहे.

३. पनवेलचा भाषिक वर्ग

पनवेल हे जुन्या व्यापारी पेठेचे गाव. तेथे १८५२ मध्येच नगरपालिका स्थापन झाली होती. भोवतालचा मुलूख आगरी, कोळी, कातकरी आणि ठाकर समाजांचा. 'आगरी' हे नावच मिठाच्या आगरांशी निगडित आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि शेती व आगरे यांच्या जागी वसाहती उभ्या राहू लागल्या. २०१६ मध्ये नगरपालिका व आसपासची गावे मिळून पनवेल महानगरपालिका झाली. नवी मुंबई विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा आदी गावठाणे हलविण्यात आली. गाव हलते तेव्हा केवळ घरे हलत नाहीत. ओटी, अंगण, विहीर यांच्याभोवतीची बोलण्या-गाण्याची निमित्तेही हलतात, काही कायमची जातात.

अशा परिसरातील मराठीच्या वर्गात आज तीन प्रकारचे विद्यार्थी शेजारीशेजारी बसलेले असतात : घरी आगरी अथवा कोळी बोलणारा, घाटावरून वा विदर्भ-मराठवाड्यातून वसाहतीत आलेल्या कुटुंबातला, निराळी मराठी बोलणारा, आणि घरी मराठी नसलेला. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाल्यापासून या तिसऱ्या गटाचे मराठीच्या शिक्षकाशी नाते अधिकच दृढ झाले आहे. या तिघांना एकच छापील पान दिले जाते. त्यांच्यातील अंतर मात्र पानावर दिसत नाही, ते कानाला कळते.

४. पहिले ऐकणे : स्वतःचे

छात्राध्यापकाच्या प्रशिक्षणात सूक्ष्म अध्यापनाला मोठे स्थान आहे. १९६०च्या दशकाच्या आरंभी स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अॅलन आणि त्यांचे सहकारी यांनी ही पद्धती विकसित केली. तिच्या घडणीत चित्रमुद्रण यंत्राचा मोठा वाटा होता. छात्राध्यापकाने लहानसा पाठ घ्यावा, त्याचे मुद्रण लगेच पाहावे आणि सुधारून तो पुन्हा घ्यावा, अशी ती रचना होती. भारतात जे प्रारूप रूढ झाले त्यात ३६ मिनिटांचे चक्र आहे : ६ मिनिटे पाठ, ६ मिनिटे प्रत्याभरण, १२ मिनिटे पुनर्नियोजन, ६ मिनिटे पुनरध्यापन आणि ६ मिनिटे पुन्हा प्रत्याभरण. चित्रमुद्रण यंत्रे दुर्मीळ असल्याने येथे प्रत्याभरणाचे काम सहाध्यायी आणि निरीक्षण-पत्रिका यांच्याकडे आले. पद्धती टिकली, तिच्यातला आरसा मात्र गळून पडला.

आज हा आरसा बहुतेक छात्राध्यापकांच्या खिशात आहे. मोबाइलवर सहा मिनिटांचे ध्वनिमुद्रण करण्यास खर्च येत नाही. मराठीच्या छात्राध्यापकाने हे मुद्रण कशासाठी ऐकावे, हे मात्र नेमके ठरवावयास हवे. त्यासाठी चार प्रश्न पुरेसे आहेत. कवितेचे प्रकट वाचन करताना चरणाचा विराम जेथे हवा तेथे आला का? प्रश्न विचारल्यानंतर उत्तरासाठी किती क्षण थांबलो? सहा मिनिटांपैकी मुलांचा आवाज किती वेळ ऐकू आला? आणि मुलाचे उत्तर जसेच्या तसे स्वीकारले, की 'म्हणजे तुला असे म्हणायचे आहे' असे म्हणून आपल्या भाषेत फिरविले?

शेवटचा प्रश्न सर्वांत बोचरा आहे. सहाध्यायी मित्र ही गोष्ट पत्रिकेत क्वचितच नोंदवील, कारण तोही तेच करीत असतो. स्वतःचा आवाज ऐकणे प्रारंभी संकोचाचे वाटते. पण अध्यापक घडू लागतो तो या संकोचातूनच. हे मुद्रण गुणांकनासाठी वापरू नये, अशी सूचना येथे करावीशी वाटते. ज्या आरशात पाहण्याचे गुण मिळतात त्या आरशासमोर माणूस नट होतो.

५. दुसरे ऐकणे : पाठ्याचे

मराठी काव्यपरंपरेचा फार मोठा भाग गाण्यासाठी व ऐकण्यासाठी निर्माण झाला. बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात असा उल्लेख आहे. पाठ्यपुस्तकात मात्र ओवी मुकी होऊन येते. दोन ओळी, खाली शब्दार्थ आणि मग स्वाध्याय. गाताना होणारी चरणाची पुनरावृत्ती, 'बाई'सारखी मध्येच येणारी संबोधने, श्वासाच्या जागा, घरघरणाऱ्या जात्याची लय यांतले काहीच छपाईत उतरत नाही. छात्राध्यापक 'ओवीत गेयता असते' असे वाक्य फळ्यावर लिहितो आणि विद्यार्थी ते परीक्षेत परत लिहितो.

येथे तंत्रज्ञानाचे खरे काम सुरू होते. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी दीर्घकाळ खपून ग्रामीण स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. बर्नार बेल यांनी त्यांतील अनेकींचे ध्वनिमुद्रण केले. २०१७ पासून हा संग्रह 'पारी' या ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहालयातून क्रमाने प्रकाशित होत आला आहे. ओवी शिकविणाऱ्या छात्राध्यापकाने तिची लिखित संहिता आणि गायिलेली संहिता समोरासमोर ठेवावी. त्यांतील भेद मुलांनीच शोधावेत.

पनवेलच्या छात्राध्यापकाला याहून जवळचे एक साधन उपलब्ध आहे. ठाणे-रायगड पट्ट्यातील आगरी समाजात लग्नविधींच्या टप्प्याटप्प्यांवर 'धवले' गाण्याची परंपरा आहे. ती गाणारी स्त्री म्हणजे धवलारीण. मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला हे नाव ऐकताच तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील महदाइसेचे 'धवळे' आठवावयास हवेत. गोविंदप्रभूंच्या विवाहोत्सवाच्या निमित्ताने रिद्धपूर येथे रचलेली आणि कृष्ण-रुक्मिणीचा विवाह गाणारी ही रचना. आद्य मराठी कवयित्री म्हणून आपण महदाइसेचे नाव घेतो. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकरा'तही धवल या प्रबंधप्रकाराचा निर्देश आहे. महदाइसेच्या रचनेशी आजच्या धवल्यांचे सरळ वंशनाते जोडण्याची घाई करू नये. पण विवाहमंगलाच्या गाण्याला हे नाव शतकानुशतके लागत आले आहे आणि ते गाणे येथे मुख्यतः स्त्रीच्या कंठात राहिले आहे, एवढे सांगता येते.

एम. ए.च्या वर्गात 'धवळे' हा वाङ्मयेतिहासातील एक परिच्छेद असतो. पनवेलच्या शाळेतील एखाद्या मुलीच्या आजीला धवले येत असतात. या दोन ज्ञानांची गाठ घालून देणे हे मराठीच्या अध्यापकाखेरीज दुसरे कोणी करू शकणार नाही. त्यासाठी लागणारे यंत्र अगदी साधे आहे. लागते ती वाङ्मयीन दृष्टी.

६. तिसरे ऐकणे : विद्यार्थ्याचे

आगरी बोलणारा मुलगा 'पाणी'ला 'पानी', 'शाळा'ला 'शाला', 'घोडा'ला 'घोरा' आणि 'मला'ऐवजी 'मना' म्हणतो. वहीत ही रूपे आली की त्यांखाली लाल रेघ ओढली जाते. काही महिन्यांत मूल वर्गात बोलणे थांबविते, आणि शिक्षक 'हा मुलगा अबोल आहे' असे नोंदवितो.

भाषाविज्ञान शिकलेल्या अध्यापकाला येथे वेगळे काही ऐकू आले पाहिजे. ही रूपे चुकांचा ढीग नसून ती नियमबद्ध आहेत. 'ण'च्या जागी 'न', 'ळ'च्या जागी 'ल', स्वरांमधील 'ड'च्या जागी 'र' अशा ध्वनिसंगती त्यांत दिसतात. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाच्या मराठीविषयक सातव्या खंडात (१९०५) आगरीची नोंद आहे. त्याच सर्वेक्षणाला जोडून १९१३ ते १९२९ या काळात भारतातील अनेक भाषा-बोलींचे ग्रामोफोन तबकड्यांवर मुद्रण झाले. अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे प्रतिमांकित सर्वेक्षण हाती घेऊन त्यातील सामग्री खुली केली आहे. शंभर वर्षांपूर्वी जे काम करण्यास तबकड्या आणि सरकारी यंत्रणा लागत होती, ते आज नववीचा वर्ग एका तासिकेत लहान प्रमाणावर करू शकतो.

७. एक पाठ

वरील विवेचन मूर्त व्हावे म्हणून इयत्ता नववीसाठी दोन तासिकांच्या पाठाची रूपरेषा येथे देत आहे. आंतरवासितेच्या काळात हा पाठ घेता येईल. घटक : लोकगीत. उद्दिष्ट : लिखित व मौखिक संहितेतील भेद विद्यार्थी सांगतो, बोली व प्रमाणभाषा यांतील नियमित ध्वनिभेद शोधतो.

पूर्वतयारी : विद्यार्थ्यांनी घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीकडून लग्नातले, जात्यावरचे किंवा पाळण्याचे एक गाणे तिच्या अनुमतीने मुद्रित करून आणावे. आगरी घरातून धवले येतील, सातारकडच्या घरातून ओवी येईल, परभाषिक घरातून त्यांच्या भाषेतले गाणे येईल. ज्याच्या घरी मोबाइल सवडीने मिळत नाही, त्याने गाणे पाठ करून यावे. तोही एक प्रकारचा ध्वनिमुद्रकच, आणि परंपरेने सर्वाधिक विश्वासार्ह मानलेला.

पहिली तासिका : निवडक तीन गाणी केवळ ऐकावयाची, काहीही लिहावयाचे नाही. दुसऱ्यांदा ऐकताना गटाने एका गाण्याचे लेखन करावयाचे. येथे वाद निर्माण होतो आणि तो व्हावा अशीच योजना आहे. 'घोरा' ऐकला तर 'घोरा' लिहावा की 'घोडा'? पुनरावृत्त चरण दोनदा लिहावा की एकदा? संपादकाला पडणारे प्रश्न चौदा वर्षांच्या मुलांना पडतात. पाठचिकित्सेचा हा पहिला धडा होय.

दुसरी तासिका : लेखनातून शब्दजोड्यांचा तक्ता करावयाचा. एका रकान्यात ऐकलेले रूप, दुसऱ्यात पाठ्यपुस्तकातले. शब्दारंभीच्या 'ड'चे काय होते आणि शब्दामधल्या 'ड'चे काय होते, हा नियम मुलांनीच काढावा. त्यानंतर शिक्षकाने मोल्सवर्थच्या कोशाची (दुसरी आवृत्ती १८५७) किंवा दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाची शिकागो विद्यापीठाने सिद्ध केलेली संगणकीय आवृत्ती उघडून एक-दोन शब्द पाहण्यास द्यावेत. आजीच्या गाण्यातला शब्द कोशात सापडला, तर त्या मुलीच्या चेहऱ्यावर जे उमटते ते कोणत्याही मूल्यमापन-पत्रिकेत नोंदविता येत नाही. न सापडला, तर 'कोशात नाही म्हणजे भाषेत नाही असे नव्हे' हा त्याहून मोठा धडा मिळतो.

या पाठाने प्रमाणभाषेचे महत्त्व कमी होत नाही. उलट 'शाला' आणि 'शाळा' यांतील नियम ज्याला कळला तो 'ळ' कोठे लिहावयाचा हे लाल रेघेपेक्षा अधिक चांगले शिकतो.

८. लिपी आणि यंत्र

पाठाचे लेखन संगणकावर उतरविताना भावी अध्यापकाने देवनागरीची तांत्रिक घडण जाणून घेतली पाहिजे. दीर्घकाळ मराठी टंकन हे विशिष्ट टंकांवर अवलंबून होते. एका संगणकावर केलेला मजकूर दुसऱ्यावर निरर्थक चिन्हांचा होऊन उघडत असे. १९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला आणि कालांतराने हा अडसर दूर झाला. तरीही जुन्या पद्धतीने टंकलेली प्रश्नपत्रिका व टाचणे शाळांच्या संग्रहांतून अजून आढळतात.

मराठीच्या शिक्षकाला आणखी एक काळजी घ्यावी लागते. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन भिन्न शब्द आहेत. पहिल्यात गुरू आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. हा भेद अर्ध्या 'र'च्या चंद्रकोरीसारख्या रूपाने दाखविला जातो. टंकताना त्यासाठी नुक्तायुक्त 'ऱ', हलन्त आणि 'य' असा क्रम द्यावा लागतो. हे ठाऊक नसलेला छात्राध्यापक पडद्यावर गुरूंना चुलीपाशी बसवितो. वर्णमाला व अंक यांच्या लेखनासंबंधीचे शासनाचे ६ नोव्हेंबर २००९ आणि १० नोव्हेंबर २०२२ चे निर्णयही त्याच्या परिचयाचे असावेत.

अलीकडे बोललेल्या शब्दांचे आपोआप लेखन करणारी साधने सर्वत्र उपलब्ध झाली आहेत. त्यांच्याविषयी सावध असणे आवश्यक आहे. अशी यंत्रे मुख्यतः प्रमाण मराठीच्या सामग्रीवर घडविली जात असल्याने 'घोरा' ऐकून 'घोडा' लिहिण्याचा संभव त्यांत असतो. म्हणजे जी लाल रेघ शिक्षकाने आवरली, ती यंत्र न दिसता ओढते. यंत्राचे लेखन आणि मुलांचे लेखन यांची तुलना करविणे हाही एक उत्तम स्वाध्याय होऊ शकेल.

९. संमती आणि मर्यादा

ध्वनिमुद्रण सोपे झाले म्हणून ते निर्वेध झाले असे नव्हे. धवलारीण गाते ते तिचे ज्ञान आहे, पुष्कळदा तिचा मानही आहे. मुद्रण कोठे ऐकविले जाईल, हे तिला आधी सांगावे. तिची इच्छा असेल तर तिचे नाव गाण्यासोबत घ्यावे. तिला स्वतःला वर्गात बोलाविता आले तर मुद्रणापेक्षा ते केव्हाही श्रेयस्कर. मुलांचे आवाज व चित्रे समाजमाध्यमांवर पाठविण्याची सवय छात्राध्यापकाने लावून घेऊ नये. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती अपेक्षितो. पण कायदा नसता तरीही हा संकेत पाळणे शिक्षकाचे कर्तव्यच ठरले असते.

दुसरी मर्यादा वेळेची. वर्षभराचा पाठ्यक्रम संपविण्याच्या घाईत अशा पाठांना जागा कमी असते. म्हणून वर्षातून असे दोन पाठ झाले तरी पुरे, एवढीच अपेक्षा आहे.

१०. समारोप

तंत्रज्ञानाच्या प्रशिक्षणात आज भावी अध्यापकाला 'तुला काय चालविता येते' असा प्रश्न विचारला जातो. मराठीच्या अध्यापकाला 'तुला काय ऐकू येते' असा प्रश्न विचारला जावा, अशी या लेखाची भूमिका आहे. स्वतःचा आवाज, पाठ्याचा आवाज आणि विद्यार्थ्याचा आवाज हे तिन्ही ज्याला ऐकू येतात, त्याच्या हाती साधा मोबाइलही पुरतो. ज्याला ते येत नाहीत, त्याच्या वर्गातला मोठा पडदा फळ्याहून निराळे काही करीत नाही.

यासाठी मराठी विभाग आणि अध्यापक महाविद्यालये यांनी एकत्र येणे अगत्याचे आहे. लोकसाहित्य, बोलीविज्ञान आणि पाठचिकित्सा शिकविणारे प्राध्यापक सराव पाठांच्या निरीक्षणाला गेले, तर छात्राध्यापकाच्या टाचणात 'शैक्षणिक साधने' या शीर्षकाखाली 'संगणक, प्रक्षेपक' यापलीकडेही काही लिहिले जाईल. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि तिच्या प्राचीनत्वाचे पुरावे आपण अभिमानाने मांडले. पनवेलच्या एखाद्या ओटीवर गाणारी धवलारीण हाही त्या परंपरेचा जिवंत अंश आहे. तिचा आवाज तिच्याच नातीच्या वर्गात ऐकू येणे पुढील काही वर्षांतच शक्य आहे, कारण गावे हलत आहेत आणि गाणाऱ्या स्त्रिया वृद्ध होत आहेत. आज बी. एड.च्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांच्या हाती ते काम आहे.